स्थूल अर्थशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम: नव्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

विद्यापीठात स्थूल अर्थशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम घेतला तेव्हा हा पाठांतराचा विषय आहे असे मला वाटले होते. व्याख्या पाठ केल्या, आकृत्या वहीत वीस वेळा काढल्या. पहिल्या चाचणीत मात्र सरकारी खर्च वाढण्याऐवजी कमी झाला तर काय होईल, एवढाच फरक प्रश्नात केलेला होता आणि तेवढ्यानेच माझे उत्तर अर्ध्यावर थांबले. पुढे त्याच अभ्यासक्रमाच्या नव्या विद्यार्थ्यांना मदत करताना लक्षात आले की बहुतेक सगळे ठरावीक चार-पाच ठिकाणीच अडखळतात, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो. एखादे विधान केवळ व्याख्येमुळे खरे आहे की लोक, उद्योग आणि सरकार विशिष्ट प्रकारे वागतात म्हणून खरे आहे, हे विद्यार्थी स्वतःला विचारत नाहीत. पुढील टप्प्यांची आखणी मी हा प्रश्न समोर ठेवूनच केली आहे.

१. सुरुवातीपूर्वी हाताशी काय असावे

फार सामग्री लागत नाही, पण पुढील गोष्टी पहिल्याच आठवड्यात जमवा.

- अभ्यासक्रमाची अधिकृत रूपरेषा आणि गुणविभागणी. कोणते प्रारूप (म्हणजे अर्थव्यवस्थेचे सोपे केलेले चित्र) शिकवले जाणार आहे आणि कोणते वगळले आहे, हे तिच्यातच कळते.
- एकच मुख्य पाठ्यपुस्तक, तेही शिक्षकांनी सुचवलेले. चिन्हे आणि गृहीतके पुस्तकागणिक बदलतात, म्हणून सुरुवातीला तीन पुस्तके एकाच वेळी वाचू नका.
- मागील किमान तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका.
- चौकटींची वही, पेन्सिल आणि दोन रंगांची पेने. मूळ स्थिती एका रंगाने आणि बदलानंतरची स्थिती दुसऱ्या रंगाने काढण्याची सवय लावा.
- साधा गणनयंत्र आणि संगणकावरील स्प्रेडशीट.

गणिताची भीती बाळगू नका, मात्र टक्केवारी, रेषेचा उतार आणि दोन अज्ञातांची दोन समीकरणे सोडवणे एवढे हातखंडा असले पाहिजे. वाढीच्या दराने ७० ला भागले की एखादी राशी किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज येतो, हा नियमही लक्षात ठेवा. वार्षिक २ टक्के वाढीला दुप्पट होण्यास सुमारे ३५ वर्षे लागतात, तर ७ टक्के वाढीला सुमारे १०. दीर्घकालीन वाढीचे प्रकरण महत्त्वाचे का मानले जाते, हे या एका तुलनेतून कळते.

२. शब्दांची वही वेगळी ठेवा

या विषयातले अनेक शब्द रोजच्या बोलण्यात वेगळ्या अर्थाने वावरतात आणि खरी अडचण तिथेच होते. रोजच्या भाषेत शेअर विकत घेणे म्हणजे ‘गुंतवणूक’. स्थूल अर्थशास्त्रात मात्र नवी यंत्रे, नव्या इमारती, नवी घरे आणि उद्योगांकडील मालसाठ्यात झालेली भर यांनाच गुंतवणूक म्हणतात. शेअरच्या खरेदीविक्रीत आधीच अस्तित्वात असलेल्या मालमत्तेचा मालक बदलतो, नवे काही उत्पादन होत नाही. एवढा भेद मनात पक्का नसेल तर पुढची निम्मी प्रकरणे चुकीच्या अर्थाने वाचली जातात.

भाववाढ, चलनवाढ आणि महागाई हे शब्द मराठी लेखनात अनेकदा एकमेकांच्या जागी येतात. तुमच्या पुस्तकात कोणता शब्द आहे ते पाहा आणि उत्तरपत्रिकेत तोच शेवटपर्यंत वापरा. हाच विषय जुन्या पुस्तकांत ‘समग्रलक्षी अर्थशास्त्र’ या नावाने आढळतो, हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक शब्दासमोर व्याख्या, त्याचे एकक आणि एक छोटे आकडेवारीचे उदाहरण लिहावे. एकक लिहिण्याचा आग्रह सोडू नका, कारण साठा आणि प्रवाह यांतला फरक एककातच दिसतो. सार्वजनिक कर्ज हा साठा आहे आणि तो एखाद्या दिवशी मोजला जातो. अर्थसंकल्पीय तूट हा प्रवाह आहे आणि तो वर्षाला इतका असा मोजला जातो. तूट राष्ट्रीय उत्पादनाच्या ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली तरी कर्जाची रक्कम त्या वर्षीही वाढतेच. ‘तूट घटली, म्हणजे कर्ज फिटू लागले’ असे वाक्य मी अनेक उत्तरपत्रिकांत वाचले आहे.

३. मोजमापे हाताने करून पाहा

स्थूल देशांतर्गत उत्पादनाची व्याख्या वाचून समजत नाही, मांडून समजते. समजा शेतकऱ्याने १०० एककांचा कापूस विकला, गिरणीने त्याचे सूत १८० ला विकले, विणकराने कापड ३०० ला विकले आणि शिवणाऱ्याने तयार कपडे ४५० ला विकले. सर्व विक्रींची बेरीज १,०३० येते, पण उत्पादन ४५० एवढेच आहे. प्रत्येक टप्प्यावरील मूल्यवर्धन १००, ८०, १२० आणि १५० असे घेतले तरी बेरीज ४५०. आता प्रत्येक टप्प्यावरची मजुरी, भाडे, व्याज आणि नफा स्वतः आकडे धरून वाटून पाहा, पुन्हा ४५०. उत्पादन, खर्च आणि उत्पन्न या तिन्ही बाजूंनी एकच आकडा का येतो, हे एकदा कागदावर घडताना पाहिले की त्याचे पाठांतर करावे लागत नाही.

खर्चाच्या बाजूने सूत्र असे आहे: उत्पादन = उपभोग + गुंतवणूक + सरकारी खर्च + निर्यात − आयात. इथे दोन सापळे आहेत. पहिला आयातीचा. वजाबाकीचे चिन्ह पाहून आयात वाढली की उत्पादन तेवढेच घटते, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात. वस्तुतः आयात केलेली वस्तू उपभोगात, गुंतवणुकीत किंवा सरकारी खर्चात आधीच मोजली गेलेली असते. ती देशात निर्माण झालेली नसल्यामुळे नंतर वजा करून हिशेब सरळ केला जातो, इतकेच. दुसरा सापळा सरकारी खर्चाचा. निवृत्तिवेतन किंवा बेकारभत्ता यांसारखी हस्तांतरित देणी या घटकात येत नाहीत, कारण त्यांच्या बदल्यात त्या वेळी कोणतीही वस्तू अथवा सेवा सरकारला मिळत नाही.

भाववाढीबाबत निर्देशांक आणि त्याचा वाढीचा दर यांची गल्लत करू नका. निर्देशांक १०० वरून ११० वर आणि पुढच्या वर्षी ११५.५ वर गेला तर भाववाढीचा दर १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला, पण किंमती उतरल्या नाहीत, त्या आणखी चढल्याच. तसेच व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला तर ती १ टक्केबिंदूची वाढ असते, १ टक्क्याची नव्हे.

बेरोजगारीच्या दरासाठी एक छोटे उदाहरण पुरेसे आहे. १०० जणांच्या श्रमशक्तीत ९२ कामावर आहेत आणि ८ काम शोधत आहेत, म्हणजे दर ८ टक्के. आठांपैकी तिघांनी निराश होऊन शोध सोडला तर ते श्रमशक्तीच्या बाहेर जातात. आता दर ९७ पैकी ५, म्हणजे सुमारे ५.२ टक्के. एकालाही काम मिळालेले नाही आणि तरीही दर सुधारलेला दिसतो. म्हणून हा आकडा वाचताना त्याच्या शेजारी श्रमशक्तीतील सहभागाचा दर ठेवूनच वाचावा.

४. हिशेब आणि वर्तन वेगळे करा

या टप्प्यावर घाई करू नका. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात सर्वांत जास्त वेळ इथे दिला पाहिजे.

सरकार आणि परदेशी व्यापार नसलेल्या अर्थव्यवस्थेत बचत आणि गुंतवणूक सारखी असते, असे पुस्तक एका प्रकरणात सांगते. काही पानांनंतर तेच पुस्तक म्हणते की दोन्ही सारख्या असतील तेव्हाच अर्थव्यवस्था संतुलनात असते. जी गोष्ट नेहमीच खरी आहे, ती संतुलनाची अट कशी असेल? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही योग्य वाचत आहात. पडला नसेल तर ती दोन्ही प्रकरणे पुन्हा वाचा.

उत्तर मालसाठ्यात आहे. समजा कुटुंबांनी या वर्षी १० एककांनी कमी खरेदी करून तेवढी जास्त बचत करायचे ठरवले. उद्योगांनी मात्र उत्पादन पूर्वीइतकेच केले. न विकलेला १० एककांचा माल गोदामात पडून राहिला आणि हिशेबाच्या नियमानुसार मालसाठ्यातील ही भर गुंतवणूक म्हणून नोंदली गेली. बचत १० ने वाढली, गुंतवणूकही १० ने वाढली आणि समीकरण जुळले. हे जुळणे व्याख्येमुळे आहे, त्यातून अर्थव्यवस्थेच्या प्रकृतीबद्दल काहीच कळत नाही. उद्योगांनी ही गुंतवणूक ठरवून केलेली नाही. त्यामुळे पुढच्या महिन्यांत ते उत्पादन आणि कामगार कमी करतील, उत्पन्न घटेल आणि घटलेल्या उत्पन्नातून लोकांची बचतही घटेल. हे घटणे जिथे थांबते, म्हणजे जिथे नियोजित गुंतवणूक आणि बचत सारखी होते, तो संतुलनबिंदू. ‘नियोजित’ हा एक शब्द गाळला की सिद्धान्ताचा हिशेब होऊन बसतो. सर्वांनी एकाच वेळी जास्त बचत करायची ठरवली तर एकूण बचत वाढेलच असे नाही, हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या विचारातून पुढे आलेला काटकसरीचा विरोधाभासही इथेच उलगडतो.

प्रत्येक समीकरणाशेजारी समासात ‘हिशेब’ किंवा ‘वर्तन’ असे लिहिण्याची सवय लावून घ्या. खर्चाचे सूत्र हा हिशेब आहे. उपभोग उत्पन्नावर अवलंबून असतो हे वर्तन आहे. पैशाचा पुरवठा गुणिले चलनवेग (पैसा वर्षात सरासरी किती वेळा हातांतून फिरतो तो आकडा) बरोबर किंमतपातळी गुणिले उत्पादन, हाही हिशेबच. चलनवेग स्थिर राहतो असे म्हटल्याबरोबर मात्र ते वर्तनाविषयीचे विधान होते आणि ते वादग्रस्तही ठरू शकते. परीक्षक ‘चर्चा करा’ असे विचारतो तेव्हा त्याला बहुधा याच सीमारेषेची चर्चा अपेक्षित असते.

५. गुणक आधी बेरजेने, मग सूत्राने

खर्चातील वाढीच्या जितक्या पट उत्पन्न वाढते, तो गुणक. सीमान्त उपभोगप्रवृत्ती, म्हणजे उत्पन्नाच्या वाढीतील उपभोगावर जाणारा भाग, ०.८ असेल तर सरकारी खर्चातील १०० च्या वाढीने उत्पन्न ५०० ने वाढते. स्प्रेडशीटमध्ये १००, ८०, ६४, ५१.२ असे आकडे खाली खाली भरत जा आणि बेरीज ५०० जवळ सरकताना पाहा. मग २५ टक्के उत्पन्नकर धरा: हाती उरलेल्या ७५ टक्क्यांतून ०.८ खर्च होतो, म्हणजे प्रत्येक फेरीत ०.६ पुढे जाते आणि गुणक २.५ होतो. उत्पन्नाच्या वाढीतील ०.१ भाग आयातीवर जात असेल तर गुणक २ उरतो. पहिल्या उदाहरणातला ५ हा गुणक वास्तवात का आढळत नाही, ते या तीन ओळींत दिसते. या गणितात किंमती आणि व्याजदर स्थिर धरलेले असतात, हे गृहीतक उत्तरात लिहायला विसरू नका.

६. आकृती काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा

आकृती काढण्याआधी स्वतःला विचारावे: कोणता घटक बाहेरून बदलला? तो कोणत्या बाजारावर प्रथम आदळतो? ज्या वक्रावर परिणाम होतो त्याच्या दोन अक्षांपैकी एखाद्यावर तो घटक आहे का? घटक अक्षावर असेल तर वक्रावरून सरकायचे, नसेल तर संपूर्ण वक्र सरकवायचा. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ हिक्सने १९३७ मध्ये मांडलेल्या आयएस-एलएम प्रारूपात (आयएस वक्र वस्तूंच्या बाजाराचे आणि एलएम वक्र पैशाच्या बाजाराचे संतुलन दाखवतो) व्याजदर आणि उत्पन्न हे दोन घटक अक्षांवर असतात. त्यामुळे ‘व्याजदर वाढला म्हणून आयएस वक्र डावीकडे सरकला’ हे वाक्य चुकीचे ठरते, तर ‘सरकारी खर्च कमी झाला म्हणून आयएस वक्र डावीकडे सरकला’ हे बरोबर.

एकूण मागणीचा वक्र खाली उतरतो, पण एखाद्या वस्तूच्या मागणीवक्राच्या कारणाने नव्हे. एक वस्तू महागली की ग्राहक दुसरीकडे वळतो, परंतु सर्वच किंमती एकदम वाढल्या तर वळण्यासाठी दुसरे काही उरत नाही. इथली कारणे वेगळी आहेत: लोकांकडील पैशाचे वास्तव मूल्य घटते, पैशाची मागणी वाढून व्याजदर चढतो आणि देशातील वस्तू परदेशी वस्तूंच्या तुलनेत महाग होतात. सूक्ष्म अर्थशास्त्र आधी शिकलेले विद्यार्थी इथे हमखास जुने कारण लिहितात.

७. पैसा आणि व्याजदर

रोख्याची किंमत आणि त्यावरील व्याजदर उलट दिशेने का जातात, हे एकाच उदाहरणात पक्के करा. वर्षानंतर १०५ देणारा रोखा आज १०० ला मिळाला तर परतावा ५ टक्के, आणि ९८ ला मिळाला तर सुमारे ७.१ टक्के. पुढे नाममात्र आणि वास्तव व्याजदर वेगळे करा. ७ टक्के व्याज आणि ५ टक्के अपेक्षित भाववाढ असेल तर वास्तव दर साधारण २ टक्के, आणि गुंतवणुकीचे निर्णय या दरावर ठरतात असे प्रारूप मानते.

या प्रकरणात पुस्तकापुस्तकांत खरा मतभेद आहे, म्हणून सावध राहा. जुन्या मांडणीत मध्यवर्ती बँक राखीव निधी ठरवते आणि व्यापारी बँका त्याच्या काही पट ठेवी निर्माण करतात. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात स्पष्ट केले की प्रत्यक्षात बँक कर्ज देते त्याच क्षणी नवी ठेव निर्माण होते, आणि मध्यवर्ती बँक मुख्यतः व्याजदराच्या मार्गाने त्यावर प्रभाव टाकते. तुमच्या अभ्यासक्रमात यांपैकी कोणती मांडणी आहे हे शिक्षकांना थेट विचारा. दोन्ही समजून घ्या, पण एका उत्तरात त्यांची मिसळ करू नका.

८. अल्पकाळ आणि दीर्घकाळ इतिहासातून शिका

अल्पकाळात किंमती आणि मजुरी चिकट असतात, म्हणजे लगेच बदलत नाहीत, दीर्घकाळात त्या जुळवून घेतात, हे वाक्य कोरडे वाटते. पुढील घटनाक्रम सोबत वाचला तर ते जिवंत होते. अर्थशास्त्रज्ञ फिलिप्स यांनी १९५८ मध्ये ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातील आकडेवारीवरून दाखवले की बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते. यावरून अनेकांनी असा अर्थ घेतला की थोडी जास्त भाववाढ सोसून बेरोजगारी कायमची कमी ठेवता येईल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रीडमन आणि फेल्प्स यांनी आक्षेप घेतला की लोक भाववाढीची अपेक्षा बदलतात आणि ही देवघेव टिकत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक देशांत भाववाढ आणि बेरोजगारी एकत्रच वाढली. व्होल्कर १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी कठोर चलनविषयक धोरण राबवले. तिथली वार्षिक भाववाढ १९८० मधील १३.५ टक्क्यांवरून १९८३ मध्ये सुमारे ३ टक्क्यांवर आली, पण १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांपर्यंत पोहोचली होती. कितीतरी कुटुंबांनी त्या दोन वर्षांत रोजगार गमावला, आणि आकृतीतला तो छोटासा अल्पकालीन टप्पा काढताना मला अजूनही ते आठवते. पैसा दीर्घकाळात तटस्थ असतो, म्हणजे तो फक्त किंमती बदलतो, उत्पादन आणि रोजगार नव्हे, या विधानातील ‘दीर्घकाळ’ हा शब्द किती जड आहे हे असेच कळते.

१९२९ नंतरच्या महामंदीचेही असेच टिपण करा. १९३३ मध्ये अमेरिकेत श्रमशक्तीचा सुमारे चौथा हिस्सा बेरोजगार होता, आणि एकूण मागणी हा विषय या शास्त्राच्या केंद्रस्थानी का आला याचे कारण त्या काळात सापडते.

९. एका देशाची आकडेवारी स्वतः मांडा

सत्राच्या मध्यावर कोणताही एक देश निवडा आणि जागतिक बँकेच्या मोफत संकेतस्थळावरून त्याचे वीस वर्षांचे वास्तव उत्पादन, भाववाढ आणि बेरोजगारी उतरवून आलेख काढा. चालू किंमतींची आणि स्थिर किंमतींची मालिका शेजारी ठेवा. चालू किंमतींत उत्पादन ९ टक्क्यांनी वाढले आणि किंमती ६ टक्क्यांनी वाढल्या तर वास्तव वाढ ३ टक्क्यांच्या जवळ, नेमकी २.८ टक्के येते, हे तिथे पडताळून पाहा. आलेखात २००८-०९ आणि २०२० ही वर्षे शोधा आणि प्रत्येक घसरणीचे कारण मागणीच्या बाजूचे होते, पुरवठ्याच्या की दोन्हींचे, यावर अर्धे पान लिहा. या अर्ध्या पानावर शिक्षकांशी झालेले बोलणे माझ्या संपूर्ण सत्रातले सर्वांत उपयोगी बोलणे ठरले.

१०. परीक्षेतील उत्तराची बांधणी

उत्तर म्हणजे कारणांची साखळी असते आणि तिची एकही कडी गाळायची नसते. ‘मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवल्याने भाववाढ कमी झाली’ या वाक्याला फारसे गुण मिळत नाहीत. दर वाढला, कर्ज महागले, गुंतवणूक आणि टिकाऊ वस्तूंची खरेदी घटली, परदेशी भांडवल येऊन चलन वधारले आणि निव्वळ निर्यातही घटली, एकूण मागणीचा वक्र डावीकडे सरकला, अल्पकाळात उत्पादन आणि रोजगार कमी झाले, आणि मग किंमतींच्या वाढीचा वेग मंदावला, असे लिहावे लागते.

आकृतीला दोन्ही अक्षांची नावे, वक्रांची नावे, जुना व नवा संतुलनबिंदू आणि दिशा दाखवणारे बाण असलेच पाहिजेत, आणि आकृतीत जे दाखवले आहे ते मजकुरात शब्दांनी यायला हवे. सरावासाठी जुना प्रश्न घ्या आणि त्यातील बदलाची दिशा उलटवून तोच पुन्हा सोडवा. खर्च वाढला असेल तर घटवा, अर्थव्यवस्था बंद असेल तर खुली करा, विनिमय दर तरता असेल तर स्थिर धरा. शेवटच्या दोन आठवड्यांत रोज एवढा एकच प्रश्न घड्याळ लावून सोडवला तरी पुरते. जिथे साखळी तुटेल ती कडी लाल पेनाने नोंदवून ते पान शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत सोबत न्या. ‘मला हे प्रकरण समजत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘इथे चलन का वधारते ते कळले नाही’ असे बोट ठेवून विचारले तर दहा मिनिटांत उत्तर मिळते.